गळवाली मेलेली नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय प्रमुख पाहुणे, आमंत्रणपत्रिका छापणारे आमचे प्रकाशक, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टरीणबाई, वाचनालयाचे सर्व पदाधिकारी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या वाचक बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'एक सामान्य वाचक' अशी करून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. असामान्य वाचक कसा असतो हे मला आजवर माहीत नव्हतं. आज कळलं. तो न वाचताच बोलतो.

मला 'वाचकांच्या वतीने दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. ते मी घरून लिहून आणले होते. अगदी सभ्य शब्द होते हो, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या धाकात वाढलेल्या मुलीला शोभतील असे. पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं आणि तो कागद मी घडी घालून पर्समध्ये टाकला. वन्सं, तुम्ही दुसऱ्या रांगेतून कितीही हात हलवलेत तरी मी आता बसणार नाही. या माझ्या नणंदबाई. लग्न झाल्यापासून मला 'जरा हळू बोल' असं सांगत आल्या आहेत. अजून आशा सोडलेली नाही त्यांनी. कौतुक वाटतं.

तर, काय झालं ते आधी सांगते, म्हणजे उशिरा आलेल्यांना कळेल की सभागृहात मघाशी जो आवाज उठला तो टाळ्यांचा का नव्हता. प्रमुख पाहुणे म्हणाले, आणि मी त्यांचेच शब्द सांगते आहे, कारण मी आयुष्यभर स्टेनो होते आणि दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पकडणं हीच माझी भाकरी होती. ते म्हणाले, "गळवालीच्या मृत्यूचं प्रकरण वाचताना माझे डोळे पाणावले. पण तिची तरुण नात हातात तलवार घेऊन उभी राहते, तेव्हा ऊर भरून येतो."

तिसऱ्या रांगेतल्या एक बाई "अगं बाई, मेली?" म्हणून जवळजवळ उठल्याच. त्यांच्या शेजारचे गृहस्थ कानांवर हात ठेवून बसले. पाहुण्यांना वाटलं, आपलं भाषण काळजाला भिडलं. भिडलं खरं. पायात काटा रुतावा तसं.

प्रमुख पाहुणे, तुमच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. तुम्ही या शहरात पुष्कळ इमारती बांधल्यात, त्यातल्या एकीत माझी भाची राहते आणि तिच्या स्वयंपाकघरात ओल येते, पण तो विषय आजचा नाही. तुम्ही आमच्यात नवे आहात, म्हणून तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. बाकीच्यांनी पाठ असलं तरी ऐकावं.

'वरचा समुद्र' या मालिकेचे सात भाग डॉक्टरीणबाईंनी लिहिले. एक ग्रह आहे. तिथे समुद्र खाली नाही, वर आहे, आकाशाच्या जागी. माणसं जमिनीवर राहतात आणि पतंगाच्या दोऱ्याला गळ बांधून वर सोडतात, मासे पकडायला. या लोकांत सगळ्यात निष्णात कोण? एक म्हातारी. तिला सगळे गळवाली म्हणतात. तिचे गुडघे दुखतात, ती फटकळ आहे, तिला स्वयंपाक येत नाही आणि तिने लग्न केलेलं नाही. पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर ती म्हणते, "लग्नाला वेळ कुठे होता? वारा चांगला होता."

आता मला सांगा, जिने लग्न केलं नाही, जिला मूलबाळ नाही, तिला नात कुठून आली? वरून पडली? समुद्रातून?

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. 'वेळेचे भान ठेवावे.' ठेवते, सर. तुम्ही प्राचार्य होतात, तासाची घंटा तुमच्या हातात असायची. आज मात्र हा तास माझा आहे.

डॉक्टरीणबाई म्हणजे कोण, हे इथे कोणाला सांगायला नको. सरकारी इस्पितळात त्या भूल देत असत. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी बाईंनी बेशुद्ध केलेलं आहे. उरलेल्यांना आज प्रास्ताविकाने केलं. माझंच सांगते. पित्ताशयात खडे झाले होते. टेबलावर आडवी केली, डोक्यावर तो मोठा दिवा, पाय गार पडलेले, आणि मी मनातल्या मनात शाळेतली प्रार्थना म्हणायला लागले, तीही अर्धी विसरलेली. तेवढ्यात मास्क लावलेल्या एक बाई माझ्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "आकडे मोजू नका. वर बघा. ते छत नाही, समुद्र आहे. पतंग सोडा वर. दोरा सैल ठेवा. गळाला काहीतरी लागतंय..." पुढचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा शेजारी त्याच बाई होत्या. माझ्या यजमानांनी विचारलं, "कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं, "मासा मिळाला का?"

अशी सुरुवात झाली या मालिकेची. आधी टेबलावरच्या घाबरलेल्या माणसांना एकेक वाक्य, मग पुस्तकं. टीकाकारांनी काय म्हटलं, माहीत आहे ना? 'पलायनवादी साहित्य.' हो! पोट फाडायला सुरा घेऊन माणूस उभा आहे, तुम्ही पट्ट्याने बांधलेले आहात, आणि कोणी पळायला वाट दाखवली तर पळू नये? आमच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, नसलेल्या गोष्टी सांगणं पाप आहे. मी अशी वही भरून पऱ्या काढल्या होत्या म्हणून मला मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. मी भिंतीवरच्या पोपड्यांत घोडे बघितले. करा काय करायचं ते.

हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे एखादा माणूस मेलेल्या राजांवर आठशे पानं लिहितो, त्याला विचारवंत म्हणतात. एखादी बाई अजून न जन्मलेल्या जगावर लिहिते, तिला 'मुलांसाठी छान लिहिता हो' म्हणतात. मघाशी सन्मानपत्र वाचून दाखवलं, त्यातही 'बालमनाला भुरळ घालणाऱ्या' असे शब्द आहेत. इथे बालमनं दाखवा मला. समोर चष्मे, काठ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दिसतायत.

आता आमच्या पद्धतीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय प्रमुख पाहुण्यांचा अपराध किती मोठा आहे हे त्यांना कळणार नाही.

आमच्यात एक पोस्टमास्तर होते. तिसरा भाग वाचून झाला आणि ते म्हणाले, "शेवटचं प्रकरण वाचलं की घरातून पाहुणे गेल्यासारखं होतं. खुर्च्या तशाच, कप तसेच, आणि बोलायला कोणी नाही." चौथा भाग आला तेव्हा त्यांनी टपालाच्या थैल्या बांधायचा सुतळीचा दोरा घेतला आणि शेवटच्या प्रकरणाची पानं बांधून टाकली. पुढचा भाग लिहायला सुरुवात झाली असं बाईंच्या तोंडून ऐकलं की मगच दोरा सोडायचा. म्हणजे घरात कायम काहीतरी शिल्लक. आम्हाला ते इतकं पटलं की सगळ्यांनीच दोरे बांधले. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, कुठेही दोरा बांधलेलं पुस्तक दिसलं की ओळखावं, आपल्यातलाच आहे. पुढच्या भागाची गोष्ट कानावर आली की एकमेकांना फोन करायचे. फोनवर एवढंच म्हणायचं, "सोडा."

पोस्टमास्तर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी पाचवा भाग होता. दोरा तसाच. नंतर सहावा आला, सातवा आला, आम्ही आमचे दोरे सोडले. त्यांच्या पत्नींनी तो सोडला नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांचं अजून शिल्लक आहे." त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मांडीवर ते पुस्तक आहे.

आता सातव्या भागाचं ऐका. शेवटून दुसरं प्रकरण संपतं तिथे गळवालीने सगळा दोरा वर सोडलेला आहे, कधी नव्हे इतका, आणि समुद्राच्या पलीकडून कोणीतरी तो दोरा ओढतंय. मासा नव्हे. हात! तिथे आम्ही थांबलो आहोत. या सभागृहातला एकेक माणूस तिथे, श्वास रोखून, वर बघत उभा आहे. आणि हे गृहस्थ पाण्याचा घोट घेऊन सांगतात, ती मेली.

हात वर करा बघू. पुस्तकं वर करा. ज्यांचे दोरे अजून बांधलेले आहेत त्यांनी.

बघा, प्रमुख पाहुणे. बघून घ्या. मागे भिंतीपर्यंत.

आणि आता आपल्या समोरच्या टेबलाकडे बघा. तुम्हाला भेट दिलेली सातव्या भागाची प्रत तिथे आहे. तिच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. डोळे कुठून पाणावले मग? प्लास्टिकवरून?

म्हणून मी इथे उभी राहण्याआधी डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकले. विचारलं, "बाई, मेली का हो ती?"

त्या म्हणाल्या, "कोण?"

"गळवाली."

"माझ्या माहितीत तरी नाही."

"आणि नात?"

"कोणाची नात?"

तेव्हा मी प्रकाशकांकडे वळले. प्रकाशक महोदय, आता मान खाली घालून घड्याळ बघू नका. तुम्ही मला हळू आवाजात जे सांगितलंत ते मी मोठ्या आवाजात सांगते, एवढाच फरक. ते म्हणाले, "ताई, गैरसमज झाला. साहेबांना मी आठव्या भागाची रूपरेषा सांगितली होती. त्यांनी ती सातव्याला जोडली."

आठवा भाग! मी म्हटलं, बाईंनी सुरू केला? तर म्हणाले, "बाईंचे हात आता थरथरतात. पेन धरवत नाही. वाचकांचा तर तगादा आहे. म्हणून आम्ही तीन तरुण लेखकांची टीम केली आहे. पहिल्या प्रकरणात गळवालीला सन्मानाने निरोप देऊ. पुढे तरुण नायिका. आजच्या पिढीला म्हातारी नको असते."

ऐकलंत? आमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत 'कृतज्ञ निरोप' का छापलं आहे, ते आता कळलं. मी मघापासून विचार करत होते, निरोप कोणाला? बाई कुठे चालल्यात? त्या कुठेच चालल्या नाहीत. त्यांना उठवून त्यांच्या खुर्चीवर तीन जणांना बसवायचं आहे. तीन! एका म्हातारीला मारायला तीन तरुण लागतात, यातच काय ते समजा.

आणि कारण काय सांगतात? 'वाचकांचा तगादा.' म्हणजे आमच्या प्रेमाचा दांडका केला, आणि तो आमच्याच बाईंच्या पाठीत घातला. हो, आम्ही विचारतो. भाजी घेताना विचारतो, औषधांच्या दुकानात विचारतो, "आठवा कधी?" अहो, घरातलं माणूस उशिरा आलं तर 'जेवलास का?' म्हणून विचारतो ना? तो तगादा असतो? त्याचा अर्थ, दुसऱ्या कोणाला तरी ताटावर बसवा, असा होतो? आम्ही पुस्तक मागत नव्हतो. आम्ही बाईंना विचारत होतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याने खुशाल सिमेंट विकावं. माफ करा, प्रमुख पाहुणे, हे तुम्हाला उद्देशून नव्हतं.

प्रकाशक म्हणतात, बाईंची संमती आहे. बाई, तुम्ही संमती दिलीत?

माईक जरा तिकडे करा. नको, मीच सांगते, त्यांचा आवाज बारीक आहे. बाई म्हणतात, "मी 'बघू' म्हणाले होते."

बघू! मंडळी, स्थळ नापसंत असलं की मुलीचा बाप काय म्हणतो? बघू. शेजारी उसनी शिडी मागायला आला की आपण काय म्हणतो? बघू. जन्मभर याच भाषेत पुस्तकं छापून ज्याला 'बघू'चा अर्थ कळला नाही, त्याने निदान रूपरेषा तरी सांगत फिरू नये.

थांबा. बाई आणखी काहीतरी म्हणतायत.

...

त्या म्हणतात, "त्यांचा तरी काय दोष? खरंच लिहवत नाही. मला वाटलं, तुम्ही सगळे वाट बघून कंटाळला असाल. तुम्हाला काहीतरी मिळावं."

बाई, कंटाळा? तुमच्या पोस्टमास्तरांच्या घरी एक दोरा किती वर्षं बांधलेला आहे, तो बघा. आम्ही कंटाळणारी माणसं नाही. गळवाली अर्धं आयुष्य एका जागी उभी राहून वर बघत असते, आणि तिचे वाचक दोन वर्षांत जांभया देतील? आठवा भाग कधीच आला नाही तर सातवा बांधलेलाच राहील. राहू दे. आम्ही तो बांधलेलाच आमच्या भाच्या-पुतण्यांना देऊ. पण तिघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकासाठी एकही दोरा सुटणार नाही, हे मी इथे सगळ्यांच्या वतीने सांगते. चुकीचं सांगत असेन तर आत्ता ओरडा.

कोणी ओरडलं नाही, प्रकाशक महोदय. ही शांतता छापा पुढच्या पत्रिकेवर.

आणखी एक चिठ्ठी. पुन्हा अध्यक्ष. बघू या. 'नात नाहीच तिला. भाग एक, पान एक.' सर! तुमच्या बॅगेतून ते काय डोकावतंय? सुतळीच ना ती? मग मघाशी वेळेचं भान काय म्हणून शिकवत होतात? पण असो. घरचाच माणूस निघालात.

आता कामाचं बोलते. बाई, हात थरथरतात हे मला कळलं. पण गोष्ट काय हातात असते? टेबलावर मी आडवी होते तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी जी बोललात, ती कुठल्या पेनाने लिहिली होतीत? तुम्ही ही गोष्ट आधी बोललात आणि मग लिहिलीत. तर आता पुन्हा बोला.

मी स्टेनो होते. एकामागून एक साहेब आले, त्या सगळ्यांचं मी उतरवून घेतलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की.' हेच, आयुष्यभर. साहेब खोलीत येरझाऱ्या घालत, बाहेर बघत, वाक्याच्या मध्येच चहा मागवत, आणि मी खाली मान घालून पेन्सिल चालवत असे. एकाही वाक्याच्या शेवटी मला 'पुढे काय?' असं विचारावंसं वाटलं नाही. हे हात असे वाया घालवून मी निवृत्त झाले, आणि मला वाटलं, संपलं. माझी पेन्सिल मात्र अजून पर्समध्ये असते. सवय. वन्सं साक्षीला आहेत, त्या नेहमी विचारतात, "आता कोणाचं घ्यायचंय उतरवून?"

यांचं घ्यायचंय, वन्सं.

बाई, रोज एक वाक्य सांगा, आठवड्याला एक सांगा, सांगू नका, नुसत्या चहाला बोलवा. मी येईन. मला जमलं नाही त्या दिवशी यांच्यातलं कोणीतरी येईल. प्रकाशकांना ते छापायचं असेल तर छापतील. नसेल, तर दुसरे छापतील. तो प्रश्न आमचा नाही, त्यांचा आहे.

काय? आत्ता?

मंडळी, जरा शांत राहा. बाई म्हणतायत, आत्ताच घ्या.

कागद कुठे... ही आमंत्रणपत्रिकाच घेते. मागची बाजू कोरी आहे. 'कृतज्ञ निरोप' खाली जाऊ दे. हं, बाई. माईक लांब करा. माझ्या कानाशी सांगा, त्या दिवशी सांगितलंत तसं.

...

हं.

...

पूर्णविराम? बरं.

नाही. वाचून दाखवणार नाही. मुळीच नाही! कोण म्हणालं ते, 'वाचा'? मघाशी शेवट फुटला म्हणून कानांवर हात ठेवून तुम्हीच बसला होतात ना? आणि प्रकाशक महोदय, डोकावून उपयोग नाही, शॉर्टहँडमध्ये आहे. एवढंच सांगते, आणि तेही त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंचा जीव भांड्यात पडावा म्हणून: गळवालीचे गुडघे अजून दुखतायत.

समारोपाचं तेवढं बोलते. अध्यक्षांचे आभार, दुसऱ्या चिठ्ठीबद्दल. प्रमुख पाहुण्यांचे मनापासून आभार, कारण त्यांनी वाचून भाषण केलं असतं तर आम्हाला रूपरेषेचा पत्ताच लागला नसता. वाचनालयाचे आणि पाणी आणून देणाऱ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात अनवधानाने कोणाचं मन दुखावलं असेल तर त्यांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. ज्यांचं मी जाणूनबुजून दुखावलं, त्यांनी घेऊ नये.

आठव्या भागाची सुरुवात झालेली आहे. बाईंच्या तोंडून ऐकलेली आहे. नियम सगळ्यांना माहीत आहे.

सोडा.

पोस्टमास्तरीणबाई, तुम्ही नको. तुमचं राहू द्या.

आणि आता मला खाली बसू द्या, माझंही शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंय.